दुसऱ्या तुंबीचा चोथा

एल्बिओच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी येर्बाच्या, म्हणजे गरम पाणी ओतून नळीनं ओढायच्या कडू पाल्याच्या, दोन तुंब्या भरल्या जात, आणि प्यायला माणूस एकच होता. ला तेहा वस्तीत हे कुणाला ठाऊक नव्हतं, तेच बरं होतं. नाहीतर शेजारच्या अदेमारनं ही बातमी कोपऱ्यावरच्या गुत्त्यापासून रिफायनरीच्या फाटकापर्यंत पोचवली असती आणि वर भिंतीवरून डोकावून विचारलं असतं, "काय रे, आज दुसरी तुंबी काय म्हणाली?"

मुळात नवरा-बायकोत दोन तुंब्या हेच आक्रीत. एक तुंबी, एक नळी, हातोहात फिरवायची, ही रीत. पण निबियाला पोटाचा त्रास, म्हणून ती आपल्या येर्बात पुदिना आणि मार्सेलाची पिवळी फुलं घालायची. एल्बिओला लागायची कडक, निखळ, जीभ पोळणारी. "तू गवत पितेस," तो म्हणायचा. "आणि तू डांबर पितोस," ती म्हणायची. लग्नापासून हे भांडण चालू होतं आणि दोघांपैकी एकालाही ते मिटवायचं नव्हतं. यांचं अंथरूण एक अन् तुंब्या दोन, असं वस्ती म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी निबिया स्पेनला गेली, बिल्बाओला. त्यांची लेक कारिना तिथं हॉटेलात कामाला. तिला मुलगा झाला आणि मुलाच्या बापानं काढता पाय घेतला. अशा वेळी आई नाही जाणार तर कोण जाणार? बाळ चालायला लागलं की येते, निबिया म्हणाली होती. उनाई चालायला लागला. मग म्हणाली, बाळवाडीत रुळला की येते. उनाई बाळवाडीतही रुळला. एल्बिओनं तीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केलेली. पुढचा थांबा, पुढचा थांबा, हे लोकांना सांगण्यातच त्याचा जन्म गेला होता, तेव्हा थांबे कसे पुढं सरकतात हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. पण तो बोलत नव्हता. विचारलं की उत्तर येतं, आणि उत्तराचीच त्याला भीती होती.

यंदा थंडी सरता सरता निबियानंच फोनवर विषय काढला.

"फ्रिजमध्ये मोहरीच्या जुन्या बाटलीत माझ्या बिया आहेत. तीन उरल्यात. वसंत लागला की लाव. गांजाला कळ्या धरल्या की मी येते. कापणी काही तुझ्याच्यानं व्हायची नाही."

"मी लावू? मी आयुष्यात कोथिंबीर लावली नाही."

"मग आता लाव. म्हातारपणी माणूस शिकतो."

निबिया दरवर्षी परसात दोन झाडं वाढवायची. घरी गांजा लावायची मुभा देणारा कायदा झाला त्या वर्षीच तिनं नाव नोंदवलं होतं. त्याचं मलम करून ती स्वतःच्या आणि अर्ध्या वस्तीच्या गुडघ्यांना लावायची, आणि रविवारी जेवणानंतर परसातल्या बाकावर बसून एकच सिगरेट ओढायची. एल्बिओ ओढत नसे. तो शेजारी बसून नाक मुरडायचा, काय घाण वास आहे म्हणायचा. आता दर रविवारी तो त्याच बाकावर बसून त्या वासाची वाट पाहायचा. वास यायचा तो अदेमारच्या शेगडीवरच्या मांसाचा. 

तर कळ्या धरल्या की निबिया येणार. कळ्या धरायच्या तर झाड हवं. झाड हवं तर रोप जगायला हवं. एवढा सरळ हिशेब एल्बिओनं मनाशी बांधला आणि बिया मातीत घातल्या.

पहिलं बी मातीतच कुजलं. दुसरं वर आलं त्याच रात्री गोगलगायीनं साफ केलं. तिसरं उगवलं. आधी दोन गुळगुळीत गोल पानं, मग त्यांच्यावर करवतीच्या दातांची दोन इवलीशी पानं. एल्बिओला इतका आनंद झाला की कारिना जन्मली तेव्हाही तो असा दारोदार सांगत हिंडला नव्हता. निबियाच्या निळ्या मुलाम्याच्या भांड्याला खाली भोक पाडून त्यानं ते रोप त्यात लावलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत, टेबलाला लागून ठेवलं. एका बाजूला त्याची खुर्ची, समोर तिची, आणि मधे हे.

आता तुंबी प्यायली की तिच्यातला चोथा कुंडीत उलटायचा, हे या देशात शिकवावं लागत नाही. गुलाब असो, लिंबू असो, टोमॅटो असो, चोथ्यानं झाड जोर धरतं. निबिया तेच करायची. एल्बिओनं ते तीस वर्षं पाहिलं होतं. म्हणून सकाळी आपली तुंबी संपली की तिचा चोथा तो रोपाच्या बुडाशी घालायचा. मग दुसऱ्या तुंबीकडं वळायचा. ती त्यानं भरलेली असायची, पुदिना आणि मार्सेला घालून, गरम पाणी ओतून, निबियाच्या खुर्चीपुढं ठेवलेली. तिचं पाणी आता निवलेलं असायचं. पाणी मोरीत, चोथा रोपाला. स्वतःचा चोथा एखादवेळी त्यानं कचऱ्याच्या डब्यात टाकलाही असता. तिचा टाकायला हात धजत नव्हता.

आणि रोप आजारी पडलं.

आधी खालची गोल पानं पिवळी पडली. मग वरची पानं अशी लोंबायला लागली की दोरीवरचे ओले मोजे बरे. नवं पान फुटेना. खिडकीत बारीक काळ्या माशा घोंघावू लागल्या. एल्बिओनं अदेमारला बोलावलं, कारण अदेमारच्या परसात रंगाच्या पिवळ्या बादलीत गांजाचं दणकट झाड डोलत होतं आणि त्याचा त्याला फार गर्व होता.

अदेमार दारातूनच म्हणाला, "तहानलंय ते. बघ ना, मान टाकलीय. तुझ्यासारखा कंजूष मी पाहिला नाही, पाण्यालाही हात आखडता."

एल्बिओनं पाणी घातलं. रोज घातलं. पानं आणखी लोंबली. मग माती-खतं विकणाऱ्या दुकानात जाऊन त्यानं तिथल्या मुलीला फोनमधला फोटो दाखवला. तिनं च्युइंगम चघळत सांगितलं, "आजोबा, उपाशी आहे हे. खाऊ घाला." बाटली दिली. बाटलीतलं औषध पोटात गेल्यावर पानांची टोकं तपकिरी होऊन जळाली. मग समोरच्या झुल्मानं, जी वस्तीतल्या लेकरांची दृष्ट काढते, कुंडीला लाल फीत बांधली आणि तोंडातल्या तोंडात काही पुटपुटली. म्हणाली, "तू सगळ्यांना सांगत सुटलास ना बी उगवलं म्हणून? मग लागणारच नजर." फितीनं कुंडीला शोभा आली, रोपाला काही आलं नाही. मग पुन्हा अदेमार, त्यानं सांगितलं ऊन दे, तर उन्हात ठेवलं. मग त्यानंच सांगितलं आत घे, तर आत घेतलं. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असं चाललं होतं.

जिला खरंच कळतं तिला तेवढं त्यानं विचारलं नाही. दर रविवारी निबियाचा फोन यायचा आणि तो सांगायचा, रोप मस्त आहे, हातभर झालंय. दुसरं काय सांगणार? तीनपैकी शेवटचं बी होतं. ते मेलं असं सांगायचं म्हणजे कळ्या येणार नाहीत असं सांगायचं, आणि मग ती कशाला येईल?

"फोटो पाठव," एका रविवारी निबिया म्हणाली. "नुसता बोलतोस. मला बघू दे."

"पाठवतो. जेवण झालं की पाठवतो."

त्यानं फोन ठेवला आणि भिंतीला वळसा घालून अदेमारच्या परसात गेला. अदेमार शेगडीत निखारे पसरत होता.

"तुझ्या झाडाचा फोटो काढू दे."

"काढ की. पेपरात छापणार का?"

"निबियाला पाठवायचाय."

अदेमारनं चिमटा खाली ठेवला. "माझं झाड तुझं म्हणून? अरे, शरम वाटू दे काहीतरी. बायकोला बनवतोस? उद्या माझा फोटो पाठवून म्हणशील मी तरुण झालो."

"तुझ्यासारखा होण्यापेक्षा म्हातारा मरेन," एल्बिओ म्हणाला आणि फोटो काढला. बादली दिसू नये म्हणून वरून वरून काढला. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन त्यानं तो तिथूनच पाठवला आणि घरी येऊन खुर्चीत बसला. बसतो न बसतो तोच फोन वाजला.

"एल्बिओ."

"हं. पाहिलंस? कसं आहे?"

"छान आहे. अदेमारचा पांचो आपल्या घरी काय करतोय?"

एल्बिओनं फोन कानापासून दूर करून फोटो पाहिला. कोपऱ्यात शेपूट होतं, टोकाशी पांढरं.

"आला असेल भिंतीवरून उडी मारून."

"तीन पायांचा कुत्रा भिंतीवरून उडी मारतो?"

एल्बिओनं फोटोतलं शेपूट अंगठ्यानं झाकलं.

"माझं रोप दाखव," निबिया म्हणाली. "आत्ता. फोन ठेवायचा नाही."

त्यानं खिडकीतल्या कुंडीचा फोटो काढून पाठवला.  मग नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला. ती फोटो मोठा करून बघत असणार, चष्मा कपाळावर चढवून, डोळे अगदी पडद्याला लावून. तसंच बघायची ती सगळं.

"लाल फीत कुणी बांधली?"

"झुल्मानं."

"तिला सांग, आधी स्वतःच्या नवऱ्याला बांध. टोकं जळालीत, म्हणजे खतही पाजलंस. बरं. देठ बुडाशी दाबून बघ. हलक्या हातानं. मऊ लागतो की टणक?"

बुडाशी पोचायला त्याला आधी बोटानं चोथा बाजूला सारावा लागला. त्यानं देठ चिमटीत धरला. 

"टणक."

"नक्की? की मला बरं वाटावं म्हणून?"

"टणक आहे गं. शपथ."

"मग जिवंत आहे," ती म्हणाली, आणि एल्बिओ खुर्चीत मागं रेलला. "कुंडी उचल. जड लागते?"

"दगडासारखी."

"माशा?"

"थोड्या."

"थोड्या म्हणजे किती?"

"माझ्या तुंबीतही पडतात."

"देवा! अरे, हे तहानलेलं नाही, बुडतंय. मुळांना श्वास घ्यायला जागा नाही. आणि मातीवर हा ढीग कसला?"

"येर्बाचा चोथा. तूच तर घालायचीस."

"मी मोठ्या झाडांना घालायची. दात न आलेल्या पोराच्या तोंडात कुणी भाजलेली बरगडी कोंबतं का? चोथा पाणी धरून ठेवतो, त्याला बुरशी येते, बुरशीवर माशा येतात, माशांची पिल्लं कोवळी मुळं खातात. मी बी लावलं की कुंडी कपाटावर उंच ठेवायची, का ठेवायची वाटलं तुला? तुझा हात पोचू नये म्हणून. तीस वर्षं माझ्या शेजारी बसून तू पाहिलंस तरी काय?"

हे मात्र एल्बिओला लागलं. कारण खरं होतं. तिचे हात त्यानं पाहिले होते, ती येर्बा उलटते तेव्हा मनगट कसं वळतं ते पाहिलं होतं. कुठल्या कुंडीत उलटते, हे पाहायचं राहून गेलं होतं. तो काही बोलणार तोच तिचा आवाज बदलला.

"एल्बिओ. यात पिवळी फुलं आहेत."

एल्बिओनं कुंडीवरचं बोट मागं घेतलं.

"मार्सेला आहे. या पुदिन्याच्या काड्या आहेत. ही माझी येर्बा आहे. तू हिला तोंड लावत नाहीस."

"निबिया..."

"घरात कोण आहे?"

एल्बिओच्या अंगावर काटा आला, आणि खोटं कशाला सांगा, सुखाचा काटा आला. दोन वर्षांत तिनं छप्पर गळतं का विचारलं होतं, रक्तदाबाची गोळी घेतोस का विचारलं होतं, जेवलास का विचारलं होतं. घरात कोण आहे हे कधी विचारलं नव्हतं. त्या तीन शब्दांत कधीकाळची ती निबिया होती, जिनं क्लबातल्या नाचाच्या दिवशी एका सोनेरी केसांच्या बाईच्या पायावर मुद्दाम टाच दिली होती. हो म्हणावं का? आहे कुणीतरी, एकटा किती दिवस राहणार, असं म्हणावं? ती कदाचित मिळेल त्या विमानानं येईल. शब्द त्याच्या जिभेच्या टोकाशी आले. मग वाटलं, आली तर रागानं येईल, आणि घरात कुणी नाही हे बघून रागानंच परत जाईल. शिवाय लबाडी आपल्याला जमत नाही, हे एका कुत्र्याच्या शेपटानं आत्ताच सिद्ध केलं होतं.

"कुणी नाही."

"खोटं बोलू नकोस माझ्याशी."

"कुणी नाही गं. तुझी तुंबी मीच भरतो. रोज. आधी माझी भरतो, मग तुझी. तुझ्या खुर्चीपुढं ठेवतो. ती निवते. मग काय करू? कचऱ्यात टाकवत नाही."

 पलीकडे कुठंतरी उनाई झोपेत कुरकुरला.

"दोन वर्षं?" निबियानं विचारलं.

"मला ताप आला होता तेव्हा एकदा राहिली."

 मग बोलली ती एकदम कामाच्या आवाजात, झुल्माच्या गुडघ्याला मलम लावताना बोलायची तशी. "ऐक. सगळा चोथा काढ. चमच्यानं, मुळं दुखवू नकोस. वर कोरडी वाळू पसर, जाडी वाळू. पाणी बंद. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाल, कोरडं लागेल तेव्हाच पाणी. सकाळचं ऊन आणि वारा. खत नाही, फीत नाही, अदेमार नाही."

"बरं."

"आणि उद्यापासून एकच तुंबी भर."

"आणि तुझी?"

"मी तिथं नाही, एल्बिओ."

हे ती रागानं म्हणाली असती तर त्याला चाललं असतं. ती हळू म्हणाली. दोन वर्षांत दोघांपैकी कुणीही हे वाक्य उच्चारलं नव्हतं.

"पण कळ्या धरल्या की..."

"कळ्या धरतील. मी नाही येऊ शकणार. कारिनाची रात्रपाळी सुटत नाही. उनाई झोपेत मलाच आई म्हणून हाक मारतो. कसं सोडून येऊ?"

"मग बिया लाव म्हणून सांगितलंस कशाला?"

"सकाळी उठायला तुला काहीतरी हवं होतं म्हणून."

"उठायला माझ्याकडे गजराचं घड्याळ आहे!" एल्बिओ ओरडला आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्यानं तिचं बोलणं मधेच तोडून फोन ठेवला.

रागाच्या भरात तो कुंडी उचलून परसात गेला, ती कचऱ्याच्या पिंपाशेजारी आदळावी म्हणून. जिच्यासाठी जगवायचं तीच येणार नाही, तर हे कुणासाठी? पण आदळली नाही. तो देठ अजून त्याच्या चिमटीत असल्यासारखा वाटत होता. टणक. त्या बिचाऱ्याला काय माहीत कोण येणार नि कोण नाही. तो बाकावर बसला, चमचा घेतला आणि चोथा उपसू लागला. वरचा थर सुका, खाली ओला, त्याखाली पांढरी बुरशी, आणि थराथरांतून मार्सेलाची फुलं, काही अजून पिवळी. सगळ्या तिच्या सकाळी. उपसता उपसता तो रडला. लपवायला तिथं कुणी नव्हतं.

भिंतीवरून अदेमारचं डोकं वर आलं. शेगडीचा ओटा बांधायला आणलेली वाळू त्याच्याकडं पडली होती.

"मूठभर वाळू दे," एल्बिओ म्हणाला.

"काय झालं होतं शेवटी?"

"लाड जास्त झाले."

"अति तेथे माती," अदेमार म्हणाला. मग एल्बिओचं तोंड नीट पाहून त्यानं पुढची थट्टा गिळली आणि बादलीभर वाळू आणून दिली.

दुसऱ्या सकाळी एल्बिओनं एकच तुंबी भरली. हात सवयीनं मार्सेलाच्या डब्याकडं गेला तो त्यानं मागं घेतला. निबियाची तुंबी कपाटात ठेवली, मग बाहेर काढली, मग धुऊन पुसून पुन्हा ठेवली. तिची खुर्ची टेबलाखाली सारली. एवढं केल्यावर स्वयंपाकघर रिकामं दिसायला लागलं, जसं ते खरंतर दोन वर्षं होतंच. त्यानं आपली येर्बा घाईनं संपवली आणि चोथा बाहेर लिंबाच्या बुडाशी टाकला.

तसे दिवस गेले. तो बोट घालून माती बघायचा आणि पाणी न घालता परत फिरायचा. न घालणं हे घालण्याहून अवघड असतं, हे त्याला या वयात कळलं. आधी माशा कमी झाल्या. मग लोंबलेली पानं थोडी वर आली. पिवळी गोल पानं गळून पडली, पण त्यांच्यावर, अगदी मधोमध, नवी जोडी फुटली, तीन तीन बोटांची, असल्या हिरव्या रंगाची की एल्बिओनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. त्याला आनंद झाला. आणि आनंद झाला याचं वाईटही वाटलं, कारण आता या कळ्यांना कुणाचा वायदा उरला नव्हता.

रविवारी निबियाचा फोन येईना. गेल्या वेळी तो रागानं ठेवला होता, तेव्हा तोंड उघडण्याची पाळी त्याची होती हे त्याला समजत होतं. त्यानं रोपाचा फोटो पाठवला. खरा. निळी कुंडी, वर वाळू. फोन लगेच वाजला. जणू ती हातात घेऊनच बसली होती.

"वाचलं," निबिया म्हणाली.

"वाचलं."

"वाळू नीट पसरलीस. मला वाटलं नव्हतं तुला जमेल."

"मलाही."

दोघंही थोडा वेळ रोपावर बोलले. मग बोलणं संपलं. तो ठेवतो म्हणणार तोच तिनं, सहज विचारावं तसं विचारलं, "आज किती भरल्यास?"

"एक."

तिकडून नुसता 'हं' आला.

"तूच म्हणालीस ना," एल्बिओ म्हणाला. "एकच भरली. सगळा आठवडा एकच. तुझी धुऊन कपाटात ठेवलीय."

"बरं केलंस," ती म्हणाली, पण आवाज मधेच तुटला. मग नाक ओढल्याचा आवाज आला. एवढ्या वर्षांच्या संसारात निबिया त्याच्यासमोर दोनदा रडली होती, एकदा तिची आई गेली तेव्हा आणि एकदा विमानतळावर. ही तिसरी. तिनंच सांगितलं होतं एक भर म्हणून, आणि आठवडाभर ती तिकडं आशा धरून बसली होती की हा ऐकणार नाही. दोन वर्षं परक्या गावात लेकीचं लेकरू झोपवताना आपण आपल्या टेबलाशीही बसलेलो होतो, हे तिला गेल्या रविवारी कळलं, आणि आज कळलं की आपली खुर्ची आत सारली गेली. एल्बिओला हे सगळं एका झटक्यात समजलं. तो काही फार समजदार माणूस नव्हता, पण तिच्या रडण्याच्या बाबतीत तरी त्याला चूक करायची नव्हती.

दोन वर्षं तो मनातल्या मनात एकच प्रश्न विचारत आला होता, तू कधी येणार. दुसराही एक प्रश्न असू शकतो, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिनं बोलावलं नाही, म्हणून त्यानं विचारलं नाही.

"निबिया," तो म्हणाला, "मी येऊ का तिकडं?"

"जागा नाही रे इथं." उत्तर इतकं पटकन आलं की तिनं ते स्वतःला कितीतरी वेळा देऊन पाहिलं असणार. "दोन खोल्या. मी उनाईच्या पलंगाशेजारी खाली गादी घालते. तुला कुठं झोपवू?"

"म्हणून बोलावलं नाहीस?"

"म्हणून. आणि तू काय येणार? तू साधं नदी ओलांडून बुएनोस आयरेसला गेला नाहीस कधी. लोकांना मागं सरका, मागं सरका म्हणत स्वतः जागचा हलला नाहीस."

"खुर्ची आहे ना घरात? मी बसून झोपेन. तीस वर्षं बसमध्ये बसून झोपलोय, आणि एकही थांबा चुकवला नाही."

ती रडता रडता हसली. ते हसू त्यानं किती दिवसांनी ऐकलं.

"आणि रोप?"

"अदेमार बघेल."

"अदेमार पाणी घालून मारेल त्याला."

"मग मारू दे," एल्बिओ म्हणाला. खिडकीतल्या त्या तीन बोटांच्या पानांकडं त्याची नजर गेली आणि त्याला लाज वाटली. "नाही, मारायला नको. दुकानातल्या पोरीला देतो. तिला सांगतो सगळं, बोट घालून बघायचं वगैरे."

 पलीकडे उनाई उठला होता, काहीतरी मागत होता. "थांब रे सोन्या," निबिया त्याला म्हणाली, "आजोबा बोलतायत." मग फोन पुन्हा तोंडाजवळ आला.

"एल्बिओ, इथं हाडं गोठवणारी थंडी पडते. तुझ्याकडं धड कोट तरी आहे का?"

"नाही," एल्बिओ म्हणाला. आणि उठून त्यानं तिची खुर्ची टेबलाखालून पुन्हा बाहेर ओढली.